पास्त्यासाठी घरचा टोमॅटो सॉस: पाणी उडवायचं काम

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात 'सॉस' या शब्दाचा बरीच वर्षं एकच अर्थ होता. सामोसे आणले की टेबलावर येणारी लाल बाटली. त्यामुळे पहिल्यांदा पास्ता केला तेव्हा मी तीच बाटली त्यावर उपडी केली. मुलांनी खाल्ला, गोड लागलं की मुलं काहीही खातात. मोठ्यांनी दोन घास घेतले आणि हुमण-भात (माशाची कढी आणि भात) आहे का ते विचारलं. दुसऱ्या खेपेला मी दुसऱ्या टोकाला गेले. कांदा परतला, आलं-लसणाचं वाटण, हळद, तिखट, वर चिमूटभर गरम मसाला आणि मग टोमॅटो. चव उत्तम होती, पण ती पावभाजीची होती.

ज्यांनी हा सॉस कधी केलेला नाही किंवा करून फसला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्यांदा एवढंच लक्षात घ्या, की टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं. किलोभर टोमॅटो आणले म्हणजे साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास पाणी पिशवीत घालून आणलंत. त्यातलं निम्मं उडवायचं आणि उडवताना चव जाळायची नाही, एवढाच या सॉसचा उद्योग. लागतात त्या वस्तू चार: टोमॅटो, तेल, लसूण, मीठ. मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही. आपल्या हाताला ही गोष्ट जड जाते, मला अजून जाते. फोडणीची मोहरी कितीदा हातात घेऊन परत ठेवली आहे.

सामान

चार माणसांसाठी: टोमॅटो १ किलो, लसणाच्या मोठ्या ५-६ पाकळ्या (गावठी बारीक लसूण असेल तर १०-१२), तेल ४ मोठे चमचे, मीठ १ छोटा चमचा, एखादी सुकी मिरची आणि मिळाली तर बेसिलची पानं. यात साधारण अर्धा किलो सॉस होतो आणि तो ३५० ते ४०० ग्रॅम कोरड्या पास्त्याला पुरतो. कोरडा पास्ता माणशी ८० ते १०० ग्रॅम धरा. शिजल्यावर तो दुपटीच्या वर भरतो, म्हणून पहिल्यांदा पाकीट रिकामं करू नका.

तेल ऑलिव्हचं असेल तर चांगलंच. नसेल तर सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड शेंगदाणा चालेल, शेवटी थोडं लोणी घातलं की उणीव भरून निघते. खोबरेल मात्र नको. माशाच्या कढीत ते जागच्या जागी असतं, इथे पहिल्या घासाला तेच पुढे येतं.

टोमॅटो कुठला घ्यावा

निम्मा सॉस इथेच ठरतो, म्हणून इथे जरा थांबू.

गोव्याच्या बाजारात येणारा बहुतेक टोमॅटो बेळगावकडून घाट उतरून येतो. हा लांबट, जाड सालीचा हायब्रीड. ट्रकमध्ये चेपत नाही, म्हणून व्यापाऱ्याला प्रिय. गर भरपूर, पाणी कमी, बिया कमी, त्यामुळे सॉससाठी अंगाने तो योग्यच आहे. इटलीत सॉससाठी नावाजलेला सान मार्झानो हा टोमॅटोही असाच लांबट आणि गरदार असतो, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातल्या मातीत पिकवलेला. आपल्या लांबट टोमॅटोचं दुखणं वेगळं आहे: तो कच्चा असतानाच तोडलेला असतो. वरून लाल दिसतो, कापला की मध्ये पांढरट गाभा निघतो.

दुसरा आपला गावठी. चपटा, गोल, कडांना वळ्या असलेला, हातात घेतला की दबणारा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावातून आलेल्या बायका टोपलीत घेऊन बसतात, तो. सार करायला याच्यासारखा नाही. सॉसला नुसता गावठी घेतला तर पाणी उडवता उडवता गॅस संपायचा, वर आंबटपणा इतका वाढतो की डोळे मिटतात. पण वास त्याचाच. म्हणून मी दोन्ही मिसळते, तीन वाटे लांबट आणि एक वाटा गावठी. सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या भाजीच्या गाड्यावर सवलतीत मिळालेला लांबट टोमॅटोही याला पुरेसा आहे.

निवडताना देठाकडचा भाग बघा. तिथे पिवळी-हिरवी झाक असेल तर तो अजून तयार नाही. देठ जिथे तुटतो तिथे नाक लावा, वास आला पाहिजे. सालीवर सुरकुती पडायला लागलेले, किंचित मऊ झालेले टोमॅटो भाजीवाला बाजूला काढून ठेवतो, स्वस्तात देतो. सॉसला तेच मागा. फुटलेले, बुरशीचा ठिपका आलेले मात्र नकोत. तेवढा भाग कापून बाकीचा वापरायचा, हा हिशेबही करू नका. मऊ फळात बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते.

घरी आणले की फ्रिजमध्ये टाकू नका. साधारण १२ अंशांच्या खाली टोमॅटोत वास तयार व्हायचा थांबतो. वर्तमानपत्रावर एका थरात, देठाची बाजू खाली करून दोन-तीन दिवस ठेवा. आपल्या दमट हवेत रोज एक नजर टाकावी लागते, एक नासला की शेजारच्याला लागतो.

पावसात हा सगळा सल्ला कोलमडतो. जुलैचा टोमॅटो फुगलेला आणि पाणचट असतो, भावही चढे. २०२३ च्या जुलैत तर टोमॅटो शंभरी ओलांडून गेला, तेव्हा सॉस कसला, आमटीत अर्धा घालतानाही हात अडत होता. अशा दिवसांत सोललेल्या टोमॅटोचा डबा मिळाला तर तो घ्यावा. लेबलावर टोमॅटो, त्याचाच रस, मीठ आणि फार तर सायट्रिक आम्ल एवढंच लिहिलेलं असावं. साखर, मसाले, स्टार्च दिसलं तर परत ठेवा. डब्यातला टोमॅटो पूर्ण पिकल्यावर तोडलेला असतो, म्हणून पावसाळ्यात तो ताज्यापेक्षा चांगला लागतो. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

भांडं

आंबट पदार्थ कुठल्या भांड्यात शिजवायचा नाही हे आपल्या आज्यांना पाठ होतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या टोपात सार करायला कोणी धजत नसे. तोच नियम इथे. मी एकदा हौसेने लोखंडी कढईत सॉस लावला. अर्ध्या तासाने सॉस काळपट झाला, जिभेला खिळा चाटल्यासारखी चव, आणि कढईला दोन वर्षं तेल पाजून आणलेली तकतकी गेली ती गेलीच. साध्या ॲल्युमिनियमचं भांडंही टाळा. जाड बुडाचं स्टीलचं, तोंडाला रुंद असं पातेलं घ्या. रुंद का, तर वाफ बाहेर पडायला जागा हवी. उंच अरुंद टोपात तोच सॉस दुप्पट वेळ घेतो आणि तोवर टोमॅटोचा ताजेपणा जातो. कुकर तर मुळीच नको. कुकरचं कामच पाणी आत कोंडायचं, आपल्याला ते घालवायचं आहे.

साल काढणं

दोन रीती आहेत.

पुस्तकी रीत अशी: टोमॅटोच्या बुडाला सुरीने फुलीसारखी हलकी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट सोडायचे, फुलीच्या टोकाशी साल वळायला लागली की झाऱ्याने काढून गार पाण्यात. साल हाताने सुटून येते. मग हातानेच चुरायचे.

माझी रीत आळशाची आहे. टोमॅटो आडवा अर्धा करायचा आणि कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर घासायची. तळवा पसरून धरला तर गर खाली परातीत पडतो आणि शेवटी हातात नुसती साल उरते, जुन्या चिंधीसारखी. किलोभराला दहा मिनिटं. उकळतं पाणी नाही, भाजायची भीती नाही. लहान मुलं हे काम आनंदाने करतात, परातीखाली वर्तमानपत्र तेवढं घाला.

बिया काढायच्या का? पुष्कळ ठिकाणी काढायला सांगतात. मी काढत नाही. बियांभोवती जो बुळबुळीत रस असतो त्यात ग्लुटामेट गराहून जास्त असतं, म्हणजे टोमॅटोची भरलेली चव तिथेच बसलेली. बिया दाताखाली येणं आवडत नसेल तर गाळणीवर घासून रस पातेल्यात घ्या आणि बिया टाका.

मिक्सरला हात लावू नका असं मी सांगते, आणि कारणासकट सांगते. मिक्सर हवा आत मारतो. त्या हवेने लाल रस नारिंगी-गुलाबी होतो आणि वर फेस येतो. बिया भरडल्या गेल्या तर कडवट झाकही येते. गुळगुळीत सॉसच हवा असेल तर शिजल्यानंतर, गार करून, एक-दोन झटके द्या. त्याहून जास्त नको.

लसूण

लसूण ठेचू नका, पातळ चकत्या करा. पातेलं गॅसवर ठेवायच्या आधीच त्यात तेल आणि चकत्या दोन्ही घाला. आपण तेल कडकडीत तापवून त्यात लसूण टाकतो, ती फोडणीची सवय. इथे तेल थंड असतानाच लसूण आत हवा, म्हणजे तेल तापता तापता त्याचा वास तेलात उतरतो.

आच मंद. दोन-तीन मिनिटांनी चकत्यांभोवती बारीक बुडबुडे येतील, मग कडा भाताच्या काडीसारख्या पिवळ्या होतील. तिथेच थांबायचं. त्याच वेळी सुकी मिरची मोडून टाका आणि लगेच टोमॅटो ओता. डाळीच्या फोडणीत आपण लसूण तांबूस होऊ देतो, तो तिथे छान लागतो. इथे तांबूस झाला की पुढचा अर्धा तास तो सॉसमध्ये कडवटपणा सोडत राहतो. करपलाच तर तेलासकट टाकून द्या, पातेलं पुसा, पुन्हा सुरुवात करा. चार चमचे तेलासाठी किलोभर टोमॅटो पणाला लावू नका.

आता पाणी उडवा

टोमॅटो ओतताना तडतडेल, म्हणून तोंड जरा मागे ठेवा. लगेच मीठ घाला, अर्धाच चमचा. उरलेलं शेवटी, कारण पाणी गेल्यावर मीठ तेवढंच राहतं आणि आधी बेताचं वाटलेलं नंतर खारट लागतं.

आच मध्यम. झाकण नको. कोणी शिंतोड्यांना घाबरून झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी परत आतच गळतं. शिंतोडे फार उडत असतील तर वर तारेची जाळी ठेवा.

पहिली दहा मिनिटं फार बघावं लागत नाही. रस पातळ असतो, बुडबुडे लहान आणि भराभर येतात, तांदूळ रटरटल्यासारखा आवाज येतो. वर गुलाबी फेस येईल, तो काढायची गरज नाही, आपोआप जिरतो. पंधराव्या मिनिटाच्या आसपास आवाज बदलतो. बुडबुडे मोठे होतात, सावकाश वर येतात आणि 'पच्च' करून फुटतात, पिठलं शिजतं तसे. हा आवाज आला की आच कमी करा आणि तिथून हलू नका. दर मिनिटाला डाव तळापर्यंत नेऊन फिरवा. बहुतेकांचा सॉस याच वेळी लागतो, कारण फोन याच वेळी वाजतो.

झाला कसा ओळखायचा? मला तीन खुणा उपयोगी पडतात. डावाने तळाशी एक रेघ ओढा. रस दोन्ही बाजूंनी धावत येऊन ती लगेच बुजली तर अजून वेळ आहे. क्षणभर तळ दिसला आणि मग रेघ हळूहळू मिटली, तर आलाच. दुसरी खूण ताटाची, आणि ती सगळ्यात खरी. सॉसचा एक चमचा स्टीलच्या ताटलीवर ठेवा, ताटली किंचित तिरकी करा. सॉसच्या कडेने फिकं पाणी सुटून ओघळलं तर पास्त्यावरही ते तसंच सुटणार आणि ताटात खाली तळं साचणार. सॉस एकसंध सरकला तर गॅस बंद करायला हरकत नाही. तिसरी खूण तुम्हाला शिकवायलाच नको: कडेला तेल सुटतं. मात्र मसाला भाजताना सुटतं तेवढं सुटायची वाट पाहू नका. कडेला नारिंगी तेलाचे ठिपके दिसले की पुरे. त्याच्या पुढे गेलात तर हाताशी टोमॅटोची चटणी येईल. पोळीबरोबर छान लागेल, पास्त्याला चिकटणार नाही.

एकूण वेळ २५ ते ३५ मिनिटं. गावठी टोमॅटो जास्त असेल तर पंचेचाळीसही लागतील. घड्याळापेक्षा ताटलीवर भरवसा ठेवा.

आंबट झाला तर

आधी मीठ बघा. बरेचदा मीठ कमी असतं म्हणून आंबट वाटतं. मीठ ठीक असेल तर चिमूटभर साखर. साखरेने आंबटपणा झाकला जातो, कमी होत नाही. खरोखर कमी करायचा तर खायचा सोडा, तोही दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढाच. फसफसून फेस येईल आणि बसेल. जास्त पडला तर सॉस मेल्यासारखा सपाट होतो, साबणाची चव येते. शेवटी सुपारीएवढं लोणी घातलं तरी धार बोथट होते, आणि मला तोच उपाय सगळ्यात आवडतो.

बेसिल, तुळस, सब्जा आणि मरवा

बेसिल मिळत नाही, ही नेहमीची तक्रार. पणजीतल्या किंवा किनाऱ्याकडच्या मोठ्या दुकानांत ते असतं, आमच्या गल्लीत नसतं. मग पहिला विचार दारच्या तुळशीचा येतो. वृंदावनातली तुळस सॉससाठी खुडली तर घरात काय ऐकावं लागेल ते तुम्ही जाणता, पण ते सोडलं तरी ती चवीला बसत नाही. आपल्या तुळशीत युजेनॉल असतं, तेच लवंगेत असतं, आणि सॉसला काढ्याचा वास येतो.

तोडगा वाण्याकडे आहे. फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे गोड तुळशीचं, बेसिलच्याच जातीचं बी. चमचाभर सब्जा कुंडीतल्या भुसभुशीत मातीवर पसरा, वर अगदी पातळ थर मातीचा, पाणी शिंपडून. आठवडाभरात कोंब दिसतात, दीड-दोन महिन्यांत खुडण्याजोगी पानं होतात. पावसात कुंडी वळचणीला ठेवा, नाहीतर मुळं कुजतात. तुरे आले की खुडत राहा, नाहीतर झाड बियांच्या मागे लागतं आणि पानं राठ होतात. वास इटालियन बेसिलइतका गोड नसतो, पण त्याच वळणाचा असतो. पानं गॅस बंद केल्यावर हाताने फाडून घाला. शिजवलीत तर काळी पडतात आणि वास उडून जातो.

ओरेगॅनोच्या बाबतीत तर आणखी गंमत. वेणीत घालतात तो मरवा ओरेगॅनोच्या सख्ख्या कुळातला आहे. परसात मरवा असेल तर चार पानं चुरून घाला. फुलवालीकडचा घालू नका, त्यावर काय फवारलं आहे ते कोणाला ठाऊक. पिझ्झ्याबरोबर आलेल्या पुड्या घरात साठलेल्या असतातच. त्यातलं ओरेगॅनो वापरायचं तर अर्धी पुडी टोमॅटोबरोबर आधीच घाला, सुकलेल्या पानांना शिजायला वेळ लागतो. पूर्ण पुडी घातली तर फक्त तीच लागेल.

शिवराक (शाकाहारी) दिवस असेल, श्रावणी सोमवार किंवा गणेशचवथीचे दिवस, तर कांदा यात नाहीच, लसूणही सोडून द्या. तेलात मिरची, किसलेलं अर्धं गाजर दोन मिनिटं परतून मग टोमॅटो, शेवटी लोणी जरा सढळ हाताने. गाजराची गोडी लसणाची जागा बऱ्यापैकी भरते. आमच्याकडे मुलांना हाच जास्त आवडतो, हे मी फार मोठ्याने सांगत नाही.

पास्ता आणि सॉस एकत्र

पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा असतो. आपला बन्सी रवा तोच. म्हणून पाकिटावर डुरम गहू लिहिलेलं बघून घ्या. मैद्याचा पास्ता शिजताना गळतो आणि सॉसमध्ये खळीसारखा होतो.

१०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी, आणि लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ. पेजेत घालतो त्याहून बरंच जास्त वाटेल, पण बहुतेक मीठ पाण्याबरोबर राहतं. आगरवाड्याचं जाडं मीठ याला चांगलं. त्याचे खडे मोठे असतात, चमच्यात कमी मावतं, तेव्हा पाणी चाखून ठरवा. पाण्यात तेल घालायचं नाही, त्याने सॉस पास्त्यावरून घसरतो. पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक तुकडा काढून चावा. मध्ये बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. पास्ता चाळणीत ओतून नळाखाली धुऊ नका. आधी वाटीभर पाणी बाजूला काढा. ते गढूळ पाणी म्हणजे पास्त्यातला स्टार्च. मग अर्धवट शिजलेला पास्ता झाऱ्याने उचलून थेट गरम सॉसच्या पातेल्यात टाका, त्यातलं अर्धी वाटी पाणी घाला, मोठ्या आचेवर दोन मिनिटं जोरात हलवा. स्टार्च तेल आणि टोमॅटोचा रस एकमेकांना धरून ठेवतो, सॉस चकाकतो आणि प्रत्येक तुकड्याला लेप बसतो. अर्धा तास पाणी उडवलं आणि शेवटी परत पाणी घातलं, हे पहिल्यांदा वेडेपणाचं वाटतं. पण हे पाणी बांधणारं असतं. पास्ता ताटात घेऊन वर डावभर सॉस ओतणं दिसायला बरं, पण खाली पांढरा पास्ता कोरडाच राहतो.

चीज घालायचं तर गॅस बंद केल्यावर. क्यूबचं चीज खारट असतं, त्या बेताने मीठ ठेवा.

साठवण

गोव्यात मे महिना म्हणजे पुरुमेंताचा महिना. सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरच्या, चिंच, सगळं पावसाआधी भरून ठेवायचं. मडगावला पवित्र आत्म्याच्या फेस्ताच्या सुमारास पुरुमेंताची फेरीच भरते. गेली काही वर्षं माझ्या पुरुमेंतात सॉसही असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटो स्वस्त आणि पिकलेला असतो, तेव्हा दर रविवारी दोन-दोन किलोचा करते आणि फ्रीझरमध्ये टाकते.

गॅसवरून उतरवल्यावर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. आपल्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेला सॉस सकाळी वापरायचा नाही. फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये तीन-चार महिने. दोन माणसांचा वाटा म्हणजे पाव किलो, तेवढाच एका डब्यात. वर बोटभर जागा ठेवा, गोठताना तो फुगतो. काचेची बाटली काठोकाठ भरून मी एकदा फोडली आहे. काचेचे तुकडे मटाराच्या पिशवीतही गेले. डब्यावर तारीख लिहा. बेसिल साठवणीत घालू नका, गरम करताना ताजं घाला.

एक गोष्ट अगदी करू नका: लोणच्यासारखी बरणी भरून, वर तेल ओतून फडताळात ठेवणं. लोणचं टिकतं ते मिठावर आणि आंबटपणावर. या सॉसमध्ये दोन्ही तेवढं नसतं, आणि तेलाखाली हवा नसलेल्या जागेत बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांच्या विषाला वास नसतो, चव नसते, बरणी उघडून काही कळत नाही. तेलात बुडवलेला लसूणही याच कारणासाठी बाहेर ठेवायचा नाही.

पावसात वीज जाते तेव्हा फ्रीझर उघडून बघायचा मोह आवरा. बंद ठेवला तर भरलेला फ्रीझर दिवसभर थंडी धरतो. वीज आल्यावर डब्यात अजून बर्फाचे खडे असतील तर चालेल, पूर्ण वितळून कोमट झाला असेल तर टाका.

फ्रीझरमध्ये दोन डबे असले की संध्याकाळची चिंता नसते. तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) मिळाल्या तर धुऊन, झाकण ठेवून वाफेवर उघडा, तोंड न उघडलेल्या टाका, आणि सुटलेलं पाणी गाळून सॉसमध्ये घाला. इटलीत स्पॅगेटीबरोबर हेच करतात. तिसऱ्यांचं पाणी खारं असतं, म्हणून त्या दिवशी मीठ शेवटपर्यंत हातात घेऊ नका. पास्ता नसेल तर गरम सॉसमध्ये चार खळगे करून अंडी फोडा, झाकण ठेवा, पाच मिनिटांत बलक थरथरता राहतो. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की उंडे (गोल पाव) घ्या, पातेलं टेबलावरच ठेवा. घासायला फार काही उरत नाही.